रिपोर्ट नॉर्मल आहे, पण…

अवटु ग्रंथीच्या विकारांवरील उपचारांचा इतिहास वैद्यकशास्त्राला अभिमान वाटावा असाच आहे. १८७३ मध्ये लंडनच्या सर विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांत आढळणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले. चेहरा सुजट, वाणी मंद, बुद्धी जड आणि सारा देह जणू गोठत चाललेला, असे तिचे स्वरूप होते. पुढे १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका रुग्ण स्त्रीवर उपचार केले आणि ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आज तेच संप्रेरक एका लहानशा, स्वस्त गोळीच्या रूपाने घरोघरी पोहोचले आहे. एका गोळीने एक आजार इतक्या पूर्णपणे काबूत यावा, अशी उदाहरणे आपल्या शास्त्रात फार नाहीत.

असे असूनही आपल्या दवाखान्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : ‘डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे, पण मला बरे वाटत नाही.’ गोळी नियमित चालू आहे, टी.एस.एच. मर्यादेत आहे, तरी थकवा जात नाही, वजन उतरत नाही, केस गळतात, नावे आठवत नाहीत, मन लागत नाही. या वाक्याला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’ दुसरे, ‘बरे, डोस थोडा वाढवून पाहू.’ माझे स्पष्ट मत असे, की ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्याने रुग्णाचा अपमान होतो, तर दुसऱ्याने त्याच्या हृदयाला आणि हाडांना धोका पोहोचतो. वाढीव थायरॉक्सिनमुळे उतारवयात हृदयाची लय बिघडते आणि रजोनिवृत्तीनंतर अस्थी ठिसूळ होतात, हे आता सिद्ध झालेले आहे.

हा प्रश्न मूठभर रुग्णांचा नाही. एके काळी आपल्या देशात अवटु ग्रंथी म्हटले की हिमालयाच्या पायथ्याचा गलगंड आठवे. डॉ. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात केलेले काम, १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आणि आयोडीनयुक्त मीठ यांनी ते चित्र पालटले. आता शहरांत प्राबल्य आहे ते शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्याचे. जपानी शल्यविशारद हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला हाच तो विकार. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये अवटु-न्यूनता आढळली. त्या आठांत गोवा आणि हैदराबाद हे मराठी माणसाच्या जुन्या वस्तीचे दोन प्रदेशही होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. आपल्या इंदूरची स्थिती याहून फार निराळी असेल असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही.

मग रिपोर्ट चांगला असूनही माणसाला बरे का वाटू नये? याचे एक कारण शरीरक्रियेतच आहे. निरोगी ग्रंथी मुख्यतः टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ अशी दोन संप्रेरके स्रवते. पेशींत प्रत्यक्ष काम करते ते प्रामुख्याने टी-३. त्यातील बराचसा भाग टी-४ पासून यकृत, मूत्रपिंड, स्नायू आदी ठिकाणी तयार होतो, तर सुमारे एक-पंचमांश थेट ग्रंथीतून येतो. गोळीतून मात्र आपण फक्त टी-४ देतो. बहुसंख्य रुग्णांत शरीर ही उणीव भरून काढते. काहींत ती पूर्ण भरत नसावी, अशी शंका शास्त्रज्ञांनाही आहे. शिवाय टी.एस.एच. हा पीयूषिका ग्रंथीने दिलेला निर्वाळा असतो, तो साऱ्या अवयवांच्या वतीने दिलेला असतोच असे नाही. प्रत्येक निरोगी व्यक्तीची स्वतःची टी.एस.एच.ची पातळी प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेपेक्षा बरीच अरुंद असते, हेही आता माहीत झाले आहे.

तथापि, एवढ्यावरून टी-३ च्या गोळ्यांकडे धाव घेणे योग्य नव्हे. १९९९ मध्ये केवळ ३३ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्याने मन प्रसन्न झाल्याचे आढळले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढील प्रयोगांत ती टिकली नाही. अकरा प्रयोगांचे, बाराशेहून अधिक रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन उपचारांत फरक दिसला नाही. युरोपीय थायरॉईड संघटनेने २०१२ मध्ये अशा संयुक्त उपचाराला फक्त निवडक रुग्णांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्रायोगिक स्वरूपात वाव ठेवला. दार बंद झालेले नाही. पण ते सर्वांसाठी उघडलेलेही नाही.

माझ्या मते या दारापर्यंत जाण्यापूर्वी अगदी साध्या गोष्टी तपासल्या पाहिजेत. गोळी कशी घेतली जाते, हे आपण किती वेळा विचारतो? पहाटे उठल्याबरोबर दूध घातलेल्या चहाबरोबर ती घेतली, तर तिचे शोषण घटते. ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला हवी. हे ज्यांना जमत नाही त्यांनी रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत व हिच्यात चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्तावरील गोळ्यांचाही शोषणावर परिणाम होतो. गोळ्यांची बाटली ओट्याजवळच्या फळीवर किंवा फ्रीजच्या माथ्यावर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. माळव्याच्या उन्हाळ्यात तेथील उष्णतेने गोळीचा जोर कमी होतो. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी करणेही निरर्थक आहे. थायरॉक्सिन शरीरात हळूहळू स्थिरावते, त्याला किमान सहा आठवडे द्यावे लागतात.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. केस गळतात म्हणून अनेक स्त्रिया औषधाच्या दुकानातून बायोटिनच्या गोळ्या स्वतःच आणतात. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत हे बायोटिन ढवळाढवळ करते आणि टी.एस.एच. खोटेच कमी, तर टी-४ खोटेच जास्त दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला आहे. म्हणजे ज्या तक्रारीसाठी तपासणी करावयाची, त्याच तक्रारीवरचे घरगुती औषध तपासणीला फसवते! रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवावयास सांगणे आपल्या हातात आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की उरलेली तक्रार अवटु ग्रंथीची असतेच असे नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत, टी.एस.एच. मर्यादेत असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांना अस्वस्थता जाणवत होती. पण कसलाही थायरॉईड विकार नसलेल्यांतही हे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश होते. या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. रुग्णांतील जादा त्रास खरा आहे, त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणता येणार नाही. परंतु थकवा हा मानवी जीवनात इतका सार्वत्रिक आहे, की तो सगळाच ग्रंथीच्या माथी मारणेही चूक आहे. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता, स्त्रियांतील रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाचा अभाव, घोरणाऱ्या माणसाची तुटक झोप, रजोनिवृत्तीचा काळ, नैराश्य या सर्वांची लक्षणे अवटु-न्यूनतेशी मिळतीजुळती आहेत. हाशिमोटोच्या रुग्णांत गव्हाची असहिष्णुता, म्हणजे सिलियाक विकार, आणि जठराच्या विकाराने होणारी बी-१२ ची न्यूनता अधिक आढळते, हेही ध्यानात ठेवावे.

मूळ निदानच तपासून पाहण्याचीही वेळ कधी कधी येते. हल्ली सवलतीच्या ‘पॅकेज’मध्ये थायरॉईडची तपासणी आपोआप होते. टी.एस.एच. थोडासा वाढलेला दिसतो आणि गोळी सुरू होते, ती जन्माची. असा किंचित वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला असता अनेकदा आपोआप मर्यादेत आलेला असतो. पासष्ट वर्षांवरील अशा रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात थायरॉक्सिनने त्यांच्या लक्षणांत काहीही फरक पडला नाही. ज्याचा थकवा मुळात ग्रंथीचा नव्हताच, तो ग्रंथीच्या गोळीने जावा कसा? ‘रोग रेड्याला नि औषध पखालीला’ ही म्हण अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि मराठी डॉक्टरांच्या स्मरणिकेत तो मांडणे अप्रस्तुत ठरू नये. घरात मराठी बोलणारी आपली रुग्ण स्त्री दवाखान्यात हिंदीत ‘कमज़ोरी’ एवढाच शब्द उच्चारते आणि आपणही तेवढाच कागदावर उतरवतो. तिला तिच्या भाषेत बोलू दिले, की तोच शब्द फुटून वेगवेगळा होतो. ‘जिना चढताना दम लागतो’ हे रक्तक्षयाकडे बोट दाखवते. ‘रात्रभर झोपूनही सकाळी डोके जड’ हे झोपेकडे. ‘कशातच मन लागत नाही’ हे नैराश्याकडे. ‘सगळ्यांना उकडते आणि मलाच थंडी वाजते’ हे मात्र ग्रंथीकडे. जुने कुटुंबवैद्य हे सारे ऐकून घेत. घरात कोणाचे काय चालले आहे हेही त्यांना ठाऊक असे.

ऐकण्याला दुसरेही कारण आहे. विवाहेच्छू मुलींच्या घरांत हा विकार अजूनही लपवला जातो. सासरी कळू नये म्हणून गोळ्या दडवल्या जातात, चुकतात, बंदही होतात. गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज सुरुवातीच्या आठवड्यांपासूनच सुमारे पाव ते तीस टक्क्यांनी वाढते आणि नेमका तेव्हाच हा लपंडाव चालू असतो. त्या काळात बाळाच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. एका गोळीने पूर्ण काबूत राहणाऱ्या या विकाराची लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही, हे कुटुंबाला समोर बसवून सांगणे हाही उपचारच आहे.

‘इतका वेळ कोणाजवळ आहे?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि गर्दीच्या दवाखान्यात तो खोटाही नाही. परंतु तक्रार न ऐकल्यामुळे जी रुग्ण स्त्री वर्षभरात चार डॉक्टर आणि सहा प्रयोगशाळा फिरते, तिचा आणि आपला मिळून किती वेळ जातो, याचा हिशेबही मांडावा. सगळे एकाच भेटीत होण्याची गरज नाही. पहिल्या भेटीत गोळीची पद्धत सुधारावी, दुसरीत अन्य कारणांच्या मोजक्या तपासण्या कराव्यात आणि त्यानंतरच डोसचा विचार करावा.

आपल्या संस्थेपुढे मी दोन लहान सूचना ठेवतो. गोळी कशी घ्यावी, कोठे ठेवावी, तपासणी केव्हा व कशी करावी, हे सांगणारे एक पानी पत्रक मराठी आणि हिंदीत छापून सर्व सभासदांच्या दवाखान्यांत ठेवावे. आणि थायरॉक्सिन सुरू करताना प्रत्येकाने चिठ्ठीवर पहिल्या टी.एस.एच.चा आकडा, तारीख आणि निदानाचे कारण लिहावे. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरपुढे ती स्त्री ‘पण मला बरे वाटत नाही’ म्हणून बसेल, तेव्हा त्या एका ओळीचा तिला फार उपयोग होईल.