संगणकाशी गट्टी : आधी वही, मग बटण



गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी ताईकडे गेलो होतो. माझा भाचा आठवीत आहे. घरात कुणाचाही फोन अडला, की सगळे त्यालाच हाका मारतात. त्या दिवशी त्याच्या आजोबांचा फोन अडला होता. एक फोटो उघडायला मिनिटभर लागे, मध्येच पडदा गोठून जाई आणि 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी सारखी डोकावे.

"आजोबा, काळजीच करू नका. दोन मिनिटांत फोन नवा कोरा करून देतो!" असे म्हणत आमच्या पठ्ठ्याने सेटिंग उघडले. एका व्हिडिओत पाहिलेला उपाय त्याला आठवला होता. बघता बघता तो 'फॅक्टरी रिसेट'च्या पानावर पोहोचला आणि त्याचे बोट बटणावर टेकणार, एवढ्यात मी ओरडलो, "थांब!"

इतक्या मोठ्याने ओरडलो, की ताई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. भाचा तर चांगलाच हिरमुसला. "मामा, मी काही चुकीचं करत नव्हतो. यानं फोन फास्ट होतो, सगळे हेच करतात."

मी का ओरडलो, ते त्याला सांगितले. आज तुम्हालाही सांगतो.

चाळीस पानांची किंमत

२००७ साली आमच्या घरी एक संगणक होता. माझे वडील नुकतेच निवृत्त झाले होते. एका बोटाने टकटक करत ते मराठी टंकलेखन शिकले आणि आपल्या गावाच्या आठवणी लिहू लागले. नदीचा पूर, शाळेतले गुरुजी, पहिल्यांदा पाहिलेली रेल्वे. चाळीसेक पाने झाली होती.

पुढे तो संगणक फार मंद चालू लागला. सुरू केल्यावर दहा मिनिटे बरा, मग गोगलगाय! मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. "व्हायरस असणार," असे ठरवून मी सगळी डिस्क पुसून टाकली आणि विंडोज नव्याने बसवले. वडिलांच्या फाइलची प्रत काढून ठेवायची, हे डोक्यातच आले नाही.

आणि गंमत अशी, की संगणक तरीही मंदच! शेवटी दुरुस्ती करणाऱ्या काकांना बोलावले. त्यांनी पेटी उघडली आणि आतला पंखा दाखवला. धुळीने तो पार माखला होता. पंखा नीट फिरत नव्हता, म्हणून प्रोसेसर तापत होता. प्रोसेसर फार तापला, की जळून जाऊ नये म्हणून तो आपणहून आपला वेग कमी करतो. म्हणूनच तर पहिली दहा मिनिटे सगळे ठीक चाले! काकांनी ब्लोअरने धूळ उडवली आणि संगणक पूर्ववत झाला.

बिघाड होता धुळीचा आणि मी पुसून टाकली वडिलांची चाळीस पाने. वडील एवढेच म्हणाले, "असू दे रे. पुन्हा लिहीन." पण ती पाने त्यांच्याकडून पुन्हा लिहून झाली नाहीत.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जे परत मिळणार नाही, ते आधी वाचवायचे. बिघाड नंतर शोधायचा. आणि उपाय सगळ्यांत शेवटी. आपण बहुतेक वेळा हे अगदी उलट्या क्रमाने करतो, नाही का?

आजच्या फोनच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कडक पाळायला हवा. नव्या फोनमधली माहिती कुलूपबंद रूपात साठवलेली असते. फॅक्टरी रिसेट केले, की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. फोनच्या बाहेर दुसरीकडे प्रत नसेल, तर पुढे कितीही पश्चात्ताप करून उपयोग नाही.

वहीत चिकटवलेला पतंग

आता बिघाड शोधायचा कसा? त्यासाठी लागते एक साधी वही. हसू नका, ही पद्धत फार थोरामोठ्यांची आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने बांधलेला 'मार्क २' नावाचा एक खोलीभर संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो चुका करू लागला. तंत्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या खटक्यामध्ये, एक पतंग अडकून मेलेला सापडला. आकाशात उडवायचा पतंग नव्हे बरं का, दिव्याभोवती फिरतो तो किडा! त्यांनी तो पतंग नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि वेळ घालून शेजारी विनोदाने लिहिले, की खराखुरा 'बग' सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती. एडिसननेही १८७८ मधल्या एका पत्रात हा शब्द वापरला आहे. ग्रेस हॉपर या थोर संगणकतज्ज्ञ बाई त्या गटात होत्या. त्या ही गोष्ट पुढे मोठ्या रंगवून सांगत. ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवली आहे.

त्या मंडळींनी यंत्रावर नुसत्या थापट्या मारल्या नाहीत. काय झाले, कधी झाले, कुठे सापडले, हे लिहून ठेवले. तुम्हीही तसेच करा. वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. नेमके काय होते? 'फोन चालत नाही' हे उत्तर नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन 'मला बरं नाही' एवढेच सांगितले, तर ते औषध कशाचे देणार? पडद्यावर जी पाटी येते, ती अक्षरशः उतरवून घ्या.

२. केव्हापासून होते? आणि नेहमीच होते, की ठरावीक वेळी? माझ्या संगणकाची 'दहा मिनिटांनंतर' ही खूण मी लिहिली असती, तर कदाचित धुळीपर्यंत पोहोचलो असतो.

३. त्याआधी काय बदलले? नवे अॅप घेतले? अपडेट आले? फोन पडला? कुणी टेबल सरकवले? टेबल सरकवल्यावर निसटलेल्या वायरीने किती घरांत हाहाकार माजवला असेल!

एका वेळी एकच

आता पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते पाहा.

समजा, फोन चार्ज होत नाही. तर आधी त्याच प्लगमध्ये दुसरे काही लावून पाहा. ते चालले, तर प्लग निर्दोष. मग फक्त केबल बदला. मग फक्त चार्जर. तिन्ही एकदम बदलले आणि फोन चार्ज झाला, तर दोषी कोण होता, हे कधीच कळणार नाही. आणि सगळे निर्दोष सुटले, तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून पाहा. खिशातल्या कापडाचा पिंजलेला कचरा तिथे दाबून बसलेला असतो. फोन बंद करून, मोठ्यांच्या देखत, लाकडी टूथपिकने तो अलगद काढता येतो. टाचणी किंवा सुई मात्र मुळीच घालायची नाही.

इंटरनेट चालत नाही? मग घरातल्या दुसऱ्या फोनवर, त्याच वाय-फायवर पाहा. तिथे चालत असेल, तर राउटरला दोष देऊ नका, दोष तुमच्या फोनात आहे. दोन्हींवर चालत नसेल, तर राउटर किंवा बाहेरची लाइन. एका प्रश्नाने निम्मे संशयित सुटले! गुप्तहेर दुसरे काय करतात?

'बंद करून चालू कर' म्हणजे काय?

हा सल्ला ऐकून तुम्हाला कंटाळा आला असेल. पण त्यामागे कारण आहे. चालू कामाची माहिती 'रॅम' नावाच्या स्मृतीत असते. ती म्हणजे तुमचे अभ्यासाचे टेबल. दिवसभर पुस्तके काढत गेलो आणि परत ठेवलीच नाहीत, की टेबलावर कोपर टेकायलाही जागा उरत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले, की टेबल साफ होते. कपाटातल्या, म्हणजे साठवणीतल्या फाइल मात्र जागच्या जागी राहतात. अर्थात, टेबलावर अर्धवट लिहिलेला निबंध आधी 'सेव्ह' करायला विसरू नका!

इथे एक गंमत आहे. विंडोज १० आणि ११ असलेल्या बऱ्याच संगणकांवर 'शट डाउन' केले, तरी तो पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून तो टेबलाचा काही भाग जसाच्या तसा कपाटात ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा मांडतो. त्यासोबत कालची अडचणही परत येऊ शकते! म्हणून अशा वेळी 'रिस्टार्ट' निवडा. त्यात टेबल खरोखर साफ होते.

न बिघडलेली फाइल

सातवीतल्या एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. तिने दुकानात टाइप करून आणलेला मराठी प्रकल्प घरी उघडला, तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ! 'फाइल खराब झाली म्हणून काढून टाकू का?' असे ती विचारते.

अजिबात काढू नकोस. तुझी फाइल ठणठणीत आहे. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये, उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये, संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवतो आणि फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. तुझ्या संगणकात तो फाँट नाही, म्हणून मुखवटा गळून पडला, एवढेच. दुकानदारकाकांना दोन गोष्टी सांग. एकतर पीडीएफ करून द्या, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून द्या. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. त्यामुळे तो मजकूर कुठल्याही नव्या यंत्रावर मराठीच दिसतो.

पाहिलेत? इथेही निदानाआधी उपाय केला असता, तर महिन्याभराची मेहनत गेली असती.

इथे मात्र हात आवरा

फोन पावसात भिजला, तर लगेच बंद करा, पुसा आणि हवेशीर जागी ठेवा. चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसू नका. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असे अॅपल कंपनीनेही आपल्या सूचनांत सांगितले आहे.

बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली असेल, तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. आग लागू शकते. मोठ्यांना सांगून फोन थेट दुरुस्तीवाल्यांकडे न्यायला सांगा.

आणि आता आईबाबांनाही वाचून दाखवा. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका. चोर लोक असे खोटे नंबर पेरून ठेवतात. नंबर बिलावरून किंवा वस्तूच्या खोक्यावरून घ्या. 'हे अॅप घ्या, तुमचा पडदा आम्हाला दाखवा' असे कुणी अनोळखी माणूस म्हणाला, तर फोन ठेवून द्या. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कुणालाही सांगायचा नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागतच नाही! फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

आजोबांच्या फोनात काय निघाले?

हो, ती गोष्ट राहिलीच! भाच्याने वही आणली. 'जागा शिल्लक नाही' ही पाटी लिहून घेतली. मग सेटिंगमध्ये साठवण उघडून पाहिली. जागा खाणारा चोर लगेच सापडला. व्हॉट्सअॅपच्या गटांमध्ये रोज येणारी शुभ सकाळची फुले, सुविचार आणि तेच ते व्हिडिओ! साठवण काठोकाठ भरली, की फोनला स्वतःच्या कामासाठीही जागा उरत नाही, म्हणून तो अडखळतो.

पण पुसण्यापूर्वी मी भाच्याला म्हटले, "आधी आजोबांना विचार, यातलं काय जाता कामा नये?"

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी चष्मा लावून एक जुना निरोप शोधला आणि लावला. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आजींचा आवाज होता तो. "अहो, येताना कोथिंबीर आणा. आणि जून नको, कोवळी बघून घ्या." एवढाच.

त्याची प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती.

भाच्याने काही न बोलता तो निरोप आणि आजोबांनी सांगितलेले फोटो आधी संगणकावर उतरवले, मग एका पेनड्राइव्हवर. दोन्हीकडे उघडून, ऐकून खात्री केली. त्यानंतरच फुले आणि सुविचार पुसले. फोन सुरळीत चालू लागला. रिसेटची गरजच पडली नाही.

या रविवारचा गृहपाठ : आजीआजोबांजवळ बसा. 'तुमच्या फोनमधलं काय हरवलं तर वाईट वाटेल?' एवढेच विचारा. ते सांगतील त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बिघाड होण्याची वाट पाहू नका. आणि वहीत पहिली नोंद कशाची केलीत, ते मला पत्राने नक्की कळवा.

पुढच्या आठवड्यात पाहू, पासवर्ड कसा निवडायचा आणि तो विसरायचा कसा नाही! तोवर, बोटांना जरा आवर घाला.

तुमचा,
संगणकमामा