विश्लेषण : कर शून्य झाला, कायदा नाही! घरगुती सायलेन्सर इतका महाग का पडतो?

सायलेन्सर म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ती बुलेट. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर जप्त करायचे आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, ही आपल्या शहरांतील पोलिसांची ओळखीची कारवाई. बंदुकीच्या सायलेन्सरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे दंड भरून सुटका होत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून या सायलेन्सरवरचा कर शून्य झाला आणि ‘आता सगळे मोकळे’ असा समज समाजमाध्यमांवर पसरला. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय व्हिसावर तिकडे राहणाऱ्या मराठी तरुणांसाठी तो धोक्याचाही आहे.

नेमके काय बदलले?

अमेरिकेत १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ने सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर लावला. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती आणि हेतूही तोच होता. जवळपास ९० वर्षे हा आकडा तसाच राहिला. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्याने तो शून्यावर आणला. मात्र त्याच कायद्यातील नोंदणी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि पूर्वपरवानगी या अटी काढलेल्या नाहीत. या नोंदणीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु न्यायालय ती रद्द करत नाही तोपर्यंत ती पाळावीच लागते. घरी सायलेन्सर बनवायचा असेल तर ‘एटीएफ’ या केंद्रीय यंत्रणेची मंजुरी आधी हातात हवी. आधी बनवला आणि मग अर्ज केला, तर गुन्हा घडून गेलेला असतो. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

‘फक्त सुटे भाग’ घेतले तर?

इथेच बहुतेक जण फसतात. अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत तयार सायलेन्सरइतकेच तो जोडण्याच्या हेतूने बनवलेले सुटे भागही येतात. ‘बंदूक साफ करण्याचे किट’ या नावाखाली असे भाग सर्रास ऑनलाइन विकले जातात. २०२२ च्या सुरुवातीला एटीएफने अशा किटपासून सायलेन्सर बनवू पाहणाऱ्यांचे शेकडो अर्ज एका झटक्यात फेटाळले. म्हणजे ज्यांनी प्रामाणिकपणे परवानगी मागितली, त्यांच्याही हातात बेकायदा वस्तू असल्याचे यंत्रणेने ठरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने चीनमधून सायलेन्सर आणि बंदूक स्वयंचलित करणारे भाग विकणारी ३५० हून अधिक संकेतस्थळे ताब्यात घेतली. वेबसाइटवर मिळते, कार्डने पैसे जातात आणि कुरिअर घरी येते, म्हणून वस्तू कायदेशीर ठरत नाही.

राज्याच्या कायद्याचा आधार मिळतो का?

कॅन्ससमधील दोघांना याचे उत्तर मोजून मिळाले. राज्यातच बनलेल्या आणि राज्याबाहेर न गेलेल्या शस्त्रांना केंद्राचा कायदा लागू नाही, असा कायदा कॅन्ससने २०१३ मध्ये केला. त्यावर विसंबून एका दुकानदाराने सायलेन्सर बनवून विकले आणि एका माजी सैनिकाने त्यातला एक घेतला. २०१६ मध्ये केंद्रीय न्यायालयातील ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखल घेण्यास नकार दिला. तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर निभावले, पण गुन्हेगार हा शिक्का बसला. ज्या राज्याने कायदा केला, त्याला तो शिक्का पुसता आला नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगताच येत नाही. मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर आहे ती राज्ये या यादीत वरच्या क्रमांकावर आहेत.

व्हिसावर असलेल्यांना धोका जास्त का?

कारण अमेरिकी केंद्रीय कायद्यात सायलेन्सर हाच ‘फायरआर्म’ आहे. तो बंदुकीला लावलेला असण्याची गरज नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद सोडले, तर या मनाईच्या भंगाला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रीन कार्डधारकही निर्धास्त राहू शकत नाही. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्याला देशाबाहेर पाठवता येते, मग तो तिथे कितीही वर्षे राहिलेला असो. नोकरी, घराचे कर्ज, मुलांची शाळा हे सारे एका पार्सलपायी पणाला लागते.

भारतात काय स्थिती?

आपला १९५९ चा शस्त्र कायदाही याच वाटेने जातो. त्याच्या कलम २ मध्ये ‘फायरआर्म्स’च्या व्याख्येतच गोळीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली उपकरणे धरलेली आहेत. सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही त्यात येतात. ती बाळगायला, बनवायला, परदेशातून आणायला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षे, तर बनवल्यास किंवा विकल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. ‘वापरला नाही, नुसता ठेवला होता’ हा बचाव किती टिकतो, हे मुंबईने पाहिले आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात संजय दत्त कटाच्या आरोपातून सुटला, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला दोषी ठरवणारा निकाल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि शिक्षा पाच वर्षांची केली.

शरीराला धोका कोणता?

गोळी सुटते तेव्हा तिच्या मागून प्रचंड दाबाचा, तापलेला वायू येतो. कारखान्यातला सायलेन्सर हा दाब सोसेल अशा धातूचा, मोजून-मापून बनवलेला आणि तपासलेला असतो. घरगुती तुकड्याला अशी कोणतीही हमी नसते. गोळीचा मार्ग केसभर चुकला तरी ती आतल्या भागावर आपटते. मग उपकरण फुटते, तुकडे उडतात आणि ते लागतात बंदूक धरणाऱ्याच्या हाताला, डोळ्यांना आणि शेजारी उभ्या असलेल्याला. गोळीची दिशा बदलली तर समोरच्या कुणाचाही जीव जाऊ शकतो. तडा आत पडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘दोनदा चालला, काही झाले नाही’ हा अनुभव भरवशाचा नाही. प्लॅस्टिक आणि थ्रीडी प्रिंटरच्या जमान्यात हा धोका वाढला आहे.

शिवाय आवाज नाहीसा होतो, हे सिनेमाने रुजवलेले खोटे आहे. बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलच्या घरात असतो. चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाजही कानाला त्रास देण्याइतका असतोच. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका तर सायलेन्सरने थांबतच नाही.

मग सायलेन्सर वाईटच का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट घेतले, तेव्हापासून शिकारी आणि नेमबाज कान वाचवण्यासाठी तो वापरत आले आहेत. नॉर्वेसारख्या देशात त्याकडे सुरक्षेचे साधन म्हणूनच पाहिले जाते. परवाना असलेल्या नेमबाजाने, नोंदणी करून, तपासलेला सायलेन्सर घेणे हा वादाचा पण कायदेशीर विषय आहे. मात्र कानाच्या रक्षणाचा हा मुद्दा घरगुती सायलेन्सरला लावता येत नाही. कान वाचवायचे असतील तर काही डॉलरचे इअरमफ पुरतात. त्यासाठी हाताची बोटे पणाला लावण्याचे कारण नाही.

घरगुती सायलेन्सरला लपूनछपून वापराचाच वास येतो, म्हणून तपासयंत्रणाही त्याकडे संशयाने पाहतात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये युनायटेड हेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली. अटक केलेल्या संशयिताकडे थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले पिस्तूल आणि सायलेन्सर सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. आरोपीने आरोप नाकारले आहेत. पण त्यानंतर असा तुकडा कुणाकडेही सापडला, तर ‘हौस म्हणून बनवला’ हे उत्तर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नाही.

काय करायला हवे?

कर शून्य करताना ‘नोंदणी कायम आहे’ हे अमेरिकी सरकारने तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवे होते. ‘सफाई किट’च्या नावाखाली असे भाग विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना जबाबदार धरायला हवे, केवळ ग्राहकाला पकडून साखळी तुटत नाही. आपल्याकडे सीमाशुल्क आणि सायबर विभागांनी अशा जाहिरातींवर नजर ठेवावी. बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि गावोगावच्या मराठी मंडळांनी नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना भाडेकरार, गाडीचा विमा समजावताना हा विषयही दोन वाक्यांत सांगावा.

आणि असा एखादा भाग कुतूहलापोटी आधीच मागवला असेल तर? तो जोडून पाहू नका, मित्राला देऊ नका, विकू नका, भारतात येताना बॅगेत तर मुळीच टाकू नका. आधी वकिलाला गाठा. वकिलाची फी खिशाला लागेल, पण व्हिसा किंवा हाताचा पंजा गमावण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त आहे.