पाहावे, पकडू नये

गेल्या रविवारी आम्ही चार फुलपाखरूवेडे मित्र वस्तीतील मुलांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. कॅमेरा एकच, तोही पाळीपाळीने. एका मुलाने फुलपाखरू चिमटीत धरले. बोटांना रंगीत भुकटी लागली. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. एकदा गेले की पुन्हा येत नाहीत, हे आम्ही सांगताच पोरगा रडवेला झाला. पुढे त्यानेच श्वास रोखून राणी पाकोळीचा फोटो टिपला. २०१५ साली तिला महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. तिची अळी लिंबाची पाने खाऊन वाढते. म्हणून माता-भगिनींनो, दारातल्या लिंबावर अळी दिसली तर चिरडू नका. चार पाने जातील, पण फुलपाखरू आपल्याच दारी उडेल!