यीस्टची शिदोरी

पाव फुगवणारे यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला ग्लुकोज सर्वांत प्रिय. ते असेपर्यंत गॅलॅक्टोज ही साखर पचवणारी जनुके बंदच असतात. पहिल्यांदा नुसते गॅलॅक्टोज दिले, तर ती चालू व्हायला काही तास जातात. पण एकदा ते खाल्लेले यीस्ट मध्ये ग्लुकोजवर ठेवले, तरी गॅलॅक्टोज पुन्हा मिळताच चटकन कामाला लागते. मेंदू तर नाही, मग आठवण राहते कुठे? २००७ साली दिसून आले की, आधी तयार झालेले गॅल१ नावाचे प्रथिन पेशीत उरते व जनुकांवरचा अटकाव लवकर उठवते. आईपेशीला कळी फुटून लेक होते, तिलाही ही शिदोरी मिळते. (वारसा फक्त जनुकांचा, असे आम्ही शाळेत शिकलो होतो!) वाटणीगणिक शिदोरी घटते, तरी सहा-सात पिढ्या पुरते.