मान उंच, पाय वाकडे

दिवाळीच्या तोंडाशी आमच्या वर्धा जिल्ह्यात दोन कामे एकदम निघतात: शेतात कापसाची वेचणी आणि गावात गाड्यांची डागडुजी. सेलूकडे जा, देवळीकडे जा, नाहीतर समुद्रपूरकडे. पावसाळाभर काळ्या मातीत रुतून निघालेल्या पिकअप गाड्या गॅरेजपुढे रांगेने उभ्या असतात. कापूस हिंगणघाटच्या बाजारात न्यायचा, म्हणजे गाडी धड हवी. त्यातच हल्ली तरुण मालकांना एक नवी हौस जडली आहे. गाडीचे तोंड दोन-तीन इंच वर उचलून घ्यायचे.

ही हौस अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पांदणीतून बंडीच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने वाळून दगडासारख्या होतात आणि त्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. तेव्हा पोट वाचवायचे तर गाडी उंच करावी, हा विचार सरळच आहे. वाकडे होते ते पुढे.

माझा भाचा सेलू तालुक्यात शेती करतो. गेल्या वर्षी त्याने पिकअपचे तोंड असेच उचलून घेतले आणि मला दाखवायला घेऊन आला. "मामाजी, पाहा तरी, कशी वाघावानी उभी राहते!" गाडी खरोखरच ऐटदार दिसत होती. पण दोन महिन्यांत पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड दाढी केल्यासारखी गुळगुळीत झाली. टायरवाल्याने सांगितले, "माल हलका होता," आणि दोन नवे टायर चढवले. त्यांचीही तीच गत झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

टायरचे पैसे गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्याच गाडीत माझ्या बहिणीला पुढे बसवून चिरंजीव समृद्धी महामार्गाने नागपूरला निघाले. गावात तिसाच्या वेगाने शहाण्यासारखी चालणारी गाडी तिथे ऐंशीला पोचताच डावीकडे ओढू लागली. उजवीकडे आणावी, तर भलतीच उजवीकडे जाई. बहीण घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "दादा, मी रस्ताभर रामरक्षा म्हटली." मग मात्र मी भाच्याला वर्ध्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी टायरकडे एक नजर टाकली, चाकापुढे उकिडवे बसले आणि विचारले, "गाडी उचलल्यावर अलाइनमेंट केली होती का?" भाचा म्हणाला, "काहून? चाकाले तं कोणी हातच नाही लावला!"

नेमकी इथेच पुष्कळांची समजूत चुकते. चाकाला हात लावला नाही, तरी चाक जिथे टांगले आहे ती जागा हलली, की चाकाचे कोन बदलतात. हे कोन तीन. इंग्रजी नावे जड वाटली तरी अर्थ घरगुती आहेत.

पहिला टो. माणूस चालताना पंजे आत वळवून चालतो की बाहेर फेकून, तसेच चाकांचे. दुसरा कॅम्बर, समोरून पाहिले असता चाक उभे आहे की वरच्या बाजूने आत-बाहेर कलले आहे, ते. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ खाली न येता थोडा पुढे झुकलेला असतो. त्यामुळेच हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. मोटारीतही हाच कल असतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मधोमध येते ते त्याच्याच कृपेने.

भाच्याच्या गाडीची पुढची चाके स्वतंत्र टांगलेली आहेत आणि भार पिळाच्या लोखंडी दांड्यावर, म्हणजे टॉर्शन बारवर, तोललेला आहे. बोल्ट आवळला की दांड्याचा पीळ वाढतो आणि तोंड वर येते. अर्ध्या तासाचे काम! पण तोंड वर आले की चाकाला धरणारे हात खाली झुकतात. मग चाकाची वरची बाजू बहुधा बाहेर कलते आणि टायर बाहेरच्या कडेवर चालू लागतो. स्टिअरिंगचे टाय रॉडही तिरपे होतात आणि चाकांचे पंजे फिरतात; आत की बाहेर, ते रॉड चाकामागे आहे की पुढे यावर ठरते. कॅस्टर कमी झाला, तर टायर झिजत नाही, पण गाडी रस्त्यावर भरकटते. बहिणीची रामरक्षा बहुतांशी त्याच खात्यावर.

मोठ्या ट्रकचा पुढचा आस अखंड असतो आणि तो पाट्यांवर बसतो. तिथे एक पाटा वाढवला तर कॅम्बर बिघडत नाही. पण स्टिअरिंगचा लांब रॉड तिरपा होऊन चक्र वाकडे बसते. पाट्याच्या एकाच टोकाचे शॅकल लांब केले, तर आस फिरून कॅस्टर बदलतो. आमच्या बंडीला ही कटकट नाही, कारण तिची चाके एका आसावर कायमची सरळ असतात आणि दिशा ठरवायला दोन बैल असतात. मोटारीत बैलांचे काम चाकांनाच करावे लागते.

चाक किंचित तिरके असले तर एवढे काय बिघडते, असे कुणी विचारील. हिशेबच करू. टायर ७०० मिलिमीटर व्यासाचा धरा. दोन्ही टायरांमधले अंतर मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडांना ७ मिलिमीटर कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाक साडेतीन मिलिमीटर तिरके, दोनशेत एक. गाडी एक किलोमीटर गेली, की ते चाक पाच मीटर आडवे जाऊ पाहते. दोन्ही चाके परस्परविरुद्ध ओढतात, म्हणून गाडी जाते सरळच. मधल्यामध्ये रबर खरवडले जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; तो ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. एवढ्या प्रवासात प्रत्येक टायर साडेतीन किलोमीटर आडवा फरफटेल! आणि झिजलेला टायर तापलेल्या काँक्रीटवर, भरल्या गाडीखाली, कधी दगा देईल याचा नेम नाही.

मिस्त्रींनी काम केले ते क्रमाने, आणि तो क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी बेअरिंग, बॉल जॉइंट आणि रॉडच्या टोकांना खेळ आहे का ते पाहिले. ढिल्या सांध्यांवर केलेले माप पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. मग टायरांतली हवा सारखी केली. दोन्ही बाजूंची उंची मोजली, तर डावीकडे पाऊण इंच जास्त निघाली. ती सारखी केली आणि एकूण उंचीही इंचभर उतरवली, कारण तेवढ्या तिरप्या हातांना कोन जुळवायला जागाच उरली नव्हती. गाडी थोडी फिरवून आणली, म्हणजे ती आपल्या जागी बसावी. त्यानंतर यंत्रावर आधी कॅस्टर आणि कॅम्बर, पातळ चकत्या घालून-काढून. आणि टो सर्वांत शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच. स्टिअरिंग मधोमध बांधून दोन्ही बाजूंचे रॉड बेताबेताने फिरवले. आकडे कंपनीच्या पुस्तकातले; अंदाजाचे नव्हेत. शेवटी हेडलाइट खाली वळवले. तोंड वर गेले की दिवेही वर जातात, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

भाच्याचा चेहरा थोडा उतरला. वाघ इंचभर बसला ना! मिस्त्री म्हणाले, "बाबू, पांदणीत हळू चालव, पोट वाचते."

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले. बसलेला पाटा बदलून मूळ उंची आणणे निराळे आणि हौसेने उंची चढवणे निराळे. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारावे. विमा कंपनीलाही, कारण तिचा प्रश्न अपघातानंतर येतो.

आता हे सारे शहरातल्या वाचकांनी का वाचावे? कारण उंच केलेल्या जीपा आता शहरांतल्या सोसायट्यांतही उभ्या असतात आणि घरातले चिरंजीव त्यांत आईवडिलांना देवदर्शनाला नेतात. बापाने रंग कोणता, गाणी कशी वाजतात हे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. उचलल्यावर अलाइनमेंट केली का? त्याचा आकड्यांचा कागद कुठे आहे? आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी कुणीकडे ओढते का? पहिल्या दोहोंचे उत्तर समोर आले आणि तिसऱ्याचे "नाही" असे मिळाले, तर खुशाल पुढच्या सीटवर बसावे. नाहीतर एस.टी. आहेच, तिथे रामरक्षा म्हणायला निदान खिडकी तरी मिळते.