हवेवर वाळलेल्या गिटारचं भूत

गेल्या शनिवारी टीममधल्या एका पोराबरोबर गिटार घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हिचं लाकूड भट्टीतलं नाही, हवेवर सीझन केलेलं आहे. आवाजातला गोडवा ऐका!" पोरगं लगेच आठ हजार जास्त मोजायला तयार. च्यायला, त्याला ओढून चहाच्या टपरीवर नेलं.

सीझनिंग म्हणजे काय, तर लाकडातलं पाणी काढणं. गिटारसाठी ते साधारण 6 ते 8 टक्क्यांवर आणतात. हवेवर इंचभर जाडीला वर्ष, हा सुतारांचा ढोबळ हिशोब. भट्टीत काही दिवस किंवा आठवडे. घाई केली तर भट्टीत लाकूड तडकतं, मान्य. पण तो दोष घाईचा, भट्टीचा नव्हे. शिवाय स्प्रूसच्या दोन फळ्यांच्या वजनात आणि ताठपणात मुळातच एवढा फरक असतो, की त्यातून 'हवेवरचा गोडवा' कानाने वेगळा काढणार कसा?

आणि गंमत बघा. लाकूड खरोखर बदलणारी एक पद्धत आहे, टॉरिफिकेशन. त्यात जवळजवळ ऑक्सिजनशिवाय लाकूड 160 अंशांच्या वर तापवतात. हेमिसेल्युलोज मोडतं, लाकूड थोडं हलकं होतं आणि पुढे ओल कमी शोषतं. मार्टिनचं व्हीटीएस याच कुळातलं. म्हणजे शेवटी भट्टीच!

बाकी कुठलंही लाकूड कसंही वाळवा, ते तुमच्या खोलीतल्या हवेशी जुळवून घेतं. हे मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्या बोनसमधून घेतलेली, 'हवेवर वाळलेली' गिटार ठाण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगली. जुलै आला. हवेत 80 टक्के आर्द्रता असली की लाकडातलं पाणी पुन्हा 15-16 टक्क्यांकडे जातं. टॉप फुगला, तारा एवढ्या वर आल्या की एफ कॉर्ड धरताना डोळ्यांत पाणी. आवाज? ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्या वर्षानुवर्षांच्या सीझनिंगवर एका पावसाळ्याने पाणी फिरवलं, अक्षरशः.

तेव्हा मंडळी, दुकानदाराला 'कसं वाळवलं' हे विचारू नका. एक हायग्रोमीटर घ्या, चांगली केस घ्या, आत सिलिका जेल टाका आणि आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. हे सगळं मिळून आठ हजारांच्या कितीतरी आत बसतं.

पोराने साधी गिटार घेतली. दुकानदार आता माझ्याकडे बघून हसत नाही. असो.