चिठ्ठी निघाली तिथेच ‘जैत रे जैत’ हरला

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता मी एक स्टोरी टाकली. सोळा मराठी सिनेमांचे सोळा अल्बम आणि वर्ल्डकपसारखा बाद फेरीचा तक्ता. दोन-दोन अल्बम समोरासमोर, खाली पोल, मुदत चोवीस तास, हरला तो बाहेर. असे तक्ते तुमच्याही फीडवर येऊन गेले असतील. कधी रहमानचे अल्बम, कधी नव्वदच्या दशकातली गाणी, कधी चक्क मिसळ. खेळ मूळचा अमेरिकेतला. तिथे मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा सुरू झाली की लोक असे तक्ते भरून पैजा लावतात.

माझ्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी राडा झाला. ‘सैराट’समोर आला ‘जैत रे जैत’. शपथेवर सांगते, मुद्दाम नव्हतं केलं. वहीचं पान फाडून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मित्राचा मेसेज आला, ‘हरला ते ठीक आहे. पण मत देणाऱ्यांपैकी ऐकलाय किती जणांनी?’

मी उत्तर दिलं नाही. कारण पूर्ण अल्बम मीही ऐकला नव्हता. दोन गाणी माहीत होती, तीही बाबांच्या गाडीत ऐकून.

मग हा प्रकार डोक्यातून जाईना, म्हणून कागद घेऊन बसले. सोळा अल्बम म्हणजे पंधरा सामने. जो जिंकतो तो फक्त चार अल्बमना हरवतो, उरलेल्या अकरांशी त्याची गाठच पडत नाही. तरी आपण त्याला ‘सर्वांत आवडता’ म्हणून मोकळे होतो. आणि दुसऱ्या नंबरचा अल्बम कदाचित पहिल्याच फेरीत घरी गेलेला असतो, कारण त्याच्यासमोर नेमका विजेता आला. ‘जोगवा’चंच घ्या. अजय-अतुलना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा अल्बम, आणि माझ्या तक्त्यात तो दुसऱ्या फेरीत त्यांच्याच ‘नटरंग’कडून बाद.

टेनिसवाले यासाठी मानांकन देतात. विम्बल्डनमध्ये एकेरीत 32 खेळाडूंना मानांकन असतं आणि पहिले दोघे तक्त्याच्या दोन टोकांना असतात. अल्बमना मानांकन कशावरून देणार? व्ह्यूजवरून दिलं तर खेळ सुरू व्हायच्या आधीच संपला. ‘सैराट’ 2016 चा, ‘जैत रे जैत’ 1977 चा, आणि यूट्यूब सुरू झालं 2005 मध्ये.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. समजा, मत देणारे तिघंच आहेत. माझ्या रूममेटची पसंती ‘नटरंग’, मग ‘कट्यार काळजात घुसली’, मग ‘उंबरठा’. माझी ‘कट्यार’, ‘उंबरठा’, ‘नटरंग’. त्या मित्राची ‘उंबरठा’, ‘नटरंग’, ‘कट्यार’. आता लढती लावा. ‘नटरंग’ ‘कट्यार’ला दोन-एकने हरवतो. ‘कट्यार’ ‘उंबरठा’ला हरवते. आणि ‘उंबरठा’ ‘नटरंग’ला हरवतो! गोल गोल. म्हणजे पहिल्या सामन्यात ज्याला पुढे चाल मिळाली, तोच शेवटी जिंकणार. तिन्ही वेळा करून बघा, हेच होतं. तिघांपैकी एकाचंही मत बदललेलं नाही, बदलली फक्त चिठ्ठी. काँडोर्से नावाच्या फ्रेंच माणसाने हा घोळ 1785 मध्येच लिहून ठेवलाय. मला तो बारावीच्या गणितात कुणी सांगितला असता तर मार्क जरा बरे पडले असते.

प्रत्येक वेळी असा गोल होतोच असं नाही. पण झाला तर तक्त्याकडे पाहून तो कळत नाही, ही खरी गोम. तक्ता नेहमी एकच विजेता दाखवतो, अगदी छातीठोकपणे.

आणि मत नेमकं कशाला देतोय, हा आणखी एक गुंता. ‘कट्यार’चंच बघा. मूळ नाटक 1967 चं, त्याचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. 2015 च्या सिनेमात त्यातली पदं आहेतच, शिवाय शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत. ‘कट्यार’वर बोट ठेवलं तर मत कुणाला गेलं? ‘सैराट’मध्ये गाणी चारच, पण त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये अख्खा वाद्यवृंद बसवला होता. अल्बमला मत देताना ते कोण मोजतं? आपण मत देतो ‘झिंगाट’ला, गणपतीत नाचलो त्या आठवणीला. त्यात वाईट काही नाही. पण मग स्पर्धेचं नाव ‘सर्वोत्तम अल्बम’ ठेवू नये. ‘आमच्या बॅचचा डान्स’ ठेवावं.

सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की पोलमध्ये ‘ऐकलेला नाही’ असं बटणच मी ठेवलं नव्हतं. निवडणुकीत 2013 पासून नोटा आहे, माझ्या स्टोरीत तेवढंही नाही. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ठाकरांच्या वस्तीवरची गोष्ट आणि डझनाहून जास्त गाणी. एवढं सगळं एका अंगठ्याने दोन सेकंदांत बाद झालं, आणि अंगठ्याच्या मालकाला वाटलं की आपण निवड केली.

त्या मित्राला मी शेवटी आठवड्याने उत्तर दिलं, ‘सॉरी, गच्चीवर ये, स्पीकर आण.’ सहा जण आलो. पहिल्या दोन गाण्यांत मोबाइल बाहेर होते, तिसऱ्याला खिशात गेले. एकीने मध्येच विचारलं, ‘हे 1977 चं आहे?’ रूममेटला मात्र शेवटपर्यंत ‘नटरंग’च भारी वाटला. तिने तसं स्पष्ट सांगितलं, आणि यावेळी मित्र चिडला नाही.

आता नवी स्पर्धा ठरलीय. आठच अल्बम आणि साखळी पद्धत, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. सामने 28 होतात, म्हणून अर्धे जण आत्ताच कंटाळलेत. शिवाय ‘पिंजरा’ आठात हवा की नको यावरून ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललंय. ज्यांना नको आहे, त्यांना मी एकच विचारलंय, ऐकलाय का? दोघांनी मेसेज वाचलाय. उत्तर अजून नाही.